एक आभार, एक विनंती

कलावतीबाई रंगारी बौद्ध होत्या, आणि चौदा वर्षं त्यांनी येशूच्या नावाने पत्रं लिहिली. त्यांना स्वतःला यात काही वावगं वाटत नसे. वाटायचं ते भनपुरीच्या विहारातल्या बायकांना. पौर्णिमेची वंदना आटोपली, खिरीच्या वाट्या हातात आल्या, की कुणीतरी खडा टाकायचीच. "कलाताई, तुम्ही तिकडच्या झाल्या म्हणे." कलावतीबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "मी तिथं टायपिंग करते, बाई. बाप्तिस्मा नाही घेत." मग खीर संपवून त्या वाटी विसळायला उठत.

त्यांचे यजमान देवीदास रंगारी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. गोंदियाकडून आलेलं हे कुटुंब रायपुरात तीन पिढ्या रुजलं, इतकं की मुलगा प्रशिक आईचं मराठी सगळं समजून घ्यायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा. देवीदास गेले तेव्हा पेन्शन होती, भनपुरीत दोन खोल्या होत्या, पण दिवस खायला उठायचा. लग्नाआधी तात्यापाऱ्यातल्या एका क्लासात शिकलेलं इंग्रजी टायपिंग बोटांत शिल्लक होतं. कुणीतरी सांगितलं, बूढापाऱ्यात एका मिशनला टायपिस्ट हवा आहे. चष्म्याच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर.

मुलाखत घ्यायला खुद्द म्हातारे क्रॅन्डलसाहेब आले होते. त्यांनी विचारलं, तुम्ही ख्रिस्ती आहात का. नाही, बौद्ध. स्पेलिंग येतं का. येतं. "मग बसा," साहेब म्हणाले आणि खुर्ची पुढे सरकवली. कलावतीबाई ही गोष्ट पुढे कितीतरी जणांना सांगत, आणि दर वेळी खुर्ची थोडी आणखी जोरात सरकायची.

हे क्रॅन्डलसाहेब काही पाद्री नव्हते. अमेरिकेतल्या कुठल्याशा थंड गावात त्यांचं यंत्रांचं दुकान होतं. छत्तीसगड हे वेगळं राज्य व्हायच्या आधी भनपुरीतल्या एका राईस मिलमध्ये तांदूळ निवडायचं यंत्र बसवायला ते आले, रविवारी सुट्टी म्हणून जीप घेऊन फिरायला निघाले, आणि तीन तासांवर आमाझरिया नावाच्या गावापाशी जीप बंद पडली. तिथं एका पडवीत आठ माणसं चटईवर बसून भजन म्हणत होती. त्यांतल्या एका बाईने या गोऱ्या माणसाला चीला करून वाढला, तांदळाच्या पिठाचा, वर टोमॅटोची चटणी. साहेबांनी पाच खाल्ले. त्या बाईचं नाव सुकवारो. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकवारो, इकडे असंच असतं. घरी परतल्यावर साहेबांनी बायकोला, मुलांना आणि मुलगी रूथ हिला बसवून त्या चील्याची गोष्ट सांगितली, आणि तळघरातल्या एका टेबलावर मिशन सुरू झालं. अख्खं घर कामाला लागलं. नवसाचं पोर असतं तसं त्या घराला आमाझरिया होतं. पुढे चाळीस गावांतल्या लहान लहान चर्चना त्यांनी आधार दिला, पण पहिला मान त्याच गावाचा राहिला.

साहेबांच्या बायकोने एक नियम घालून दिला होता. प्रत्येक गावाकडून महिन्याला एक आभार आणि एक विनंती, पंचवीस शब्दांत. त्यापेक्षा जास्त नाही. तिचं म्हणणं असं की माणसाचं मन लहान असतं, दोन दुःखं हातात दिलीत तर ते दोन्ही खाली ठेवतं. त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी एक टोपली फिरे. त्यात चाळीस गावांची चाळीस कार्डं. एकेका घराने एक कार्ड उचलायचं, घरी नेऊन फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावायचं, आणि महिनाभर जेवायच्या आधी पोराबाळांसकट ती विनंती देवापुढे म्हणायची. ज्या घराला कार्ड मिळे ते घर नुसतं म्हणून थांबत नसे. कुणी पत्र लिही, कुणी ब्लँकेटं पाठवी, कुणी हातपंप. त्या माणसांत काही खोट नव्हती, हे कलावतीबाई छातीवर हात ठेवून सांगत.

मात्र ते कार्ड लिहायचं म्हणजे कौशल्य होतं, आणि ते कलावतीबाईंना साधलं होतं. महिन्याच्या एक तारखेपासून गावोगावच्या पास्टरांचे फोन यायचे. एकेक जण गाऱ्हाण्यांचं गाठोडं सोडायचा. कलावतीबाई सगळं निळ्या वहीत लिहून घेत आणि मग त्यातलं एक निवडत. फ्रिजवर शोभेल असं. नवरा पिऊन मारतो, हे तिकडे लहान मुलांसमोर कसं म्हणायचं? मग ते 'या घरात शांती नांदावी' असं होई. त्या खोटं कधी लिहीत नव्हत्या, टोचणाऱ्या टोकांवर कानस मात्र फिरवत. पाठवलेल्या ओळीपुढे वहीत बरोबरची खूण करायची आणि राहिलेल्या ओळी तशाच सोडायच्या. चौदा वर्षांत अशा अकरा वह्या भरल्या होत्या, आणि त्यांत खूण नसलेल्या ओळीच जास्त होत्या.

आमाझरियाचे पास्टर समारू. पोरसवदा असताना त्याच पडवीतल्या चटईवर बसलेला हा माणूस आता पन्नाशीला आला होता. तो रायपूरला आला की कापडी पिशवीतून रखिया बडी आणायचा. कोहळा किसून, उडदाच्या डाळीत फेटून, उन्हात वाळवलेले सांडगे. सुकवारोबाईंनी दिलेले. "दाई कहे हे, लिखइया दीदी ला देबे," म्हणजे आई म्हणाली, लिहिणाऱ्या ताईला दे. कोहळा त्यांच्याच घरामागच्या परसातला असायचा. कलावतीबाई बदल्यात कधी साबण, कधी गरम मोजे पाठवत. असं चौदा हिवाळे चाललं, पण दोघींची भेट मात्र झाली नाही. यंदा जाऊ, पाऊस संपला की जाऊ, प्रशिकचं लग्न उरकलं की जाऊ. जाणाऱ्याला रस्ता तीन तासांचाच होता.

तरीही सुकवारोबाईंचं कलावतीबाईंना सगळं ठाऊक होतं, कारण तिकडची माणसं दर खेपेला त्यांची विचारपूस करत. नवरा बारा वर्षांपूर्वी गेला, त्याला परसातच मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाखाली माती दिली. मूलबाळ नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. संध्याकाळी त्या झाडाखाली बसून नवऱ्याला दिवसभराचं सांगतात. ही शेवटची गोष्ट कलावतीबाईंनी एकदा कार्डावर घातली होती. रूथबाईंनी कळवलं की ती वाचताना त्यांच्या वडिलांनी चष्मा काढून पुसला.

फेब्रुवारीत समारूचा फोन आला. "दीदी, ए दारी दू ठन बात हे."

"सांगा. पण पाठवता एकच येते, तुम्हाले माहीत आहे."

पहिली गोष्ट छपराची. जानेवारीतल्या गारपिटीत चर्चचे पत्रे फुटले होते, आता प्रार्थना आभाळाखाली चालली होती. दुसरी सांगताना समारूचा आवाज खाली आला. गावात बैठक झाली होती. यापुढे चर्चमध्ये जाणाऱ्यांना गावच्या हद्दीत मूठमाती द्यायची नाही, असं ठरलं होतं. स्वतःच्या जागेतसुद्धा नाही. सुकवारोबाईंनी हे ऐकल्यापासून जेवण अर्ध्यावर आणलं होतं. "दाई कहत हे, मोला मोर घरवाला के बाजू मा माटी देहू. बस, अतके." मला माझ्या नवऱ्याच्या शेजारी माती द्या, एवढंच.

कलावतीबाईंनी दोन्ही ओळी वहीत उतरवल्या. "कोण बोललं बैठकीत?"

"कोन ला कहिबे दीदी. सब अपनेच मन हें." सगळी आपलीच माणसं आहेत, तो म्हणाला. ज्याने पहिला हात वर केला त्याच्या पोराला सुकवारोबाईंनी कडेवर खेळवला होता.

"मग दोनातली कोणती लिहू?"

"तैं जानबे दीदी." ते तूच ठरव, ताई.

फोन ठेवल्यावर कलावतीबाई वही पुढ्यात घेऊन बसल्या. छप्पर मागितलं तर छप्पर येतं, हे त्यांना चौदा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. दुसरी गोष्ट लिहून काय येणार होतं? त्या थंड गावातल्या कुठल्या घराने ती फ्रिजवर लावायची आणि पोरांना काय सांगायचं? शिवाय रूथबाईंचा जीव हळवा, त्या दहा ईमेल लिहिणार, त्यातलं एखादं कुठे तरी फुटणार, आणि गावात समारूलाच लोक धरणार. मिशनच्या ऑफिसची पाटी काढून आत ठेवून वर्ष झालं होतं. ती का काढली हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. आणि सुकवारोबाई तर धडधाकट होत्या. आज काही घडत नव्हतं. पाऊस मात्र चार महिन्यांवर आला होता.

त्यांनी छप्पर लिहिलं. पहिल्या ओळीपुढे खूण केली.

दुसरी त्या विसरल्या असं नाही. मार्चमध्ये घालू म्हणाल्या. मार्चमध्ये समारूच्या पोरीची नर्सिंगची परीक्षा आली, आणि परीक्षेला तारीख असते, मरणाला नसते. एप्रिलमध्ये ईस्टर, त्या महिन्यात फक्त आभाराची कार्डं जात, तशी रीत होती. मेच्या सुरुवातीला पत्रे पोहोचले, ते चढवताना समारू घसरून पडला आणि त्याचा घोटा मोडला. कार्डावर घोटा गेला. दर महिन्याला काहीतरी त्या ओळीच्या पुढे येऊन उभं राहायचं, आणि खरं सांगायचं तर कलावतीबाईंना त्याचं थोडं बरंही वाटायचं.

ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात. कलावतीबाईंना तर फार आधी कळायला हवं होतं. त्यांच्या आजोबांची तिरडी गावच्या वरच्या आळीतून नेऊ दिली नव्हती. भर पावसात, ओढ्याच्या काठाने, दोन कोसांचा वळसा घालून नेली होती. वडील ही हकिकत सांगायचे तेव्हा शेवटी नेहमी म्हणायचे, माणसाले जगताना जागा नाही देल्ली तं नाही देल्ली, मेल्यावर तं द्या. लहानपणी हे वाक्य ऐकून पोरं कंटाळायची. कलावतीबाईंना ते पाठ होतं आणि तरी त्यांनी पत्रे निवडले.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आठ वाजता फोन वाजला. समारू म्हणाला, "दीदी, सुकवारो दाई नइ रहिस." पहाटे पाणी प्यायला उठल्या आणि मडक्यापाशीच बसल्या त्या बसल्याच. पुढचं कलावतीबाईंना न सांगताच कळलं.

"खोदू नाही देऊन राहिले?"

"नइ."

शनिवार, त्यातही दुसरा शनिवार. सगळी ऑफिसं बंद. कलावतीबाईंनी पदर खोचला आणि फोन हातात घेतला. तहसीलचा नंबर लावला, तो वाजत राहिला. ओळखीच्या एका वकिलांना लावला, ते लग्नाला बाहेरगावी. सोमवारी अर्ज करू, म्हणाले. शहरातल्या मोठ्या चर्चच्या लोकांनी सहानुभूती दाखवली आणि जागा हवी तर इथल्या कब्रस्तानात देऊ, असं सांगितलं. अमेरिकेत रात्र होती. रूथबाईंना ईमेल गेला.

प्रशिक सुट्टीमुळे घरीच होता. दारात उभा राहून ऐकत होता. "मम्मी, आप इसमें मत पड़ो. आप कौन हो उनकी?"

"मी तिची कोणीच नाही," कलावतीबाई म्हणाल्या. "तिच्या घरचे सांडगे काहून खाल्ले मंग चौदा वर्षं?"

थोड्या वेळाने प्रशिकने स्वतःच आपल्या ऑफिसातल्या दोन-तीन जणांना फोन लावले. सगळे म्हणाले, सोमवारी बघू. मे महिन्याच्या उन्हात मयत सोमवारपर्यंत कसं थांबणार?

गावात दुपारी पोलीस आले. ते चांगलं बोलले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी काठी उगारली नाही. समारू दर तासाला फोनवर हेच सांगत होता, आणि त्याचं ते शांत सांगणं ऐकून कलावतीबाई पुढचा नंबर लावत होत्या. भांडण असतं तर कुणाशी तरी भांडता आलं असतं. शेजारणी येऊन रडून गेल्या. त्यांनीच सुकवारोबाईंना आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. बाजारात थंड पेयांचं दुकान असलेल्या एकाने बर्फाच्या लाद्या फुकट पाठवल्या, आणि बैठकीत पहिला हात वर केला होता तो हाच. तो समारूला म्हणाला, भैया, मला वाईट वाटतं आहे, पण गावाचा शब्द आहे. बर्फ लागला तर अजून सांग.

रविवारी सकाळी नव्या पत्र्यांखाली पहिली प्रार्थना झाली. सुकवारोबाई शेजारच्याच घरात बर्फावर होत्या. पत्र्याखाली सावली छान पडली होती, हे समारूने का सांगितलं ते कलावतीबाईंना कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं.

संध्याकाळपर्यंत बर्फाने हात टेकले. शेवटी शहरातल्या चर्चने देऊ केलेली जागा घ्यायचं ठरलं, एक पिकअप बोलावला आणि सुकवारोबाई आयुष्यात दुसऱ्यांदा रायपूरला निघाल्या. पहिल्यांदा डोळ्याच्या ऑपरेशनला आल्या होत्या. कब्रस्तान सोमवारी सकाळीच उघडणार होतं, म्हणून रात्री गाडी वाटेत एका ढाब्यामागे थांबवली होती, आणि उजाडल्यावर ती भनपुरीला पोहोचली. तिथं ट्रकच्या रांगेपाशी, टायरच्या दुकानासमोर, कलावतीबाई आणि प्रशिक उभे होते.

समारू कुबडीवर खाली उतरला. मागे ताडपत्री होती. कलावतीबाईंनी ती हाताने बाजूला केली. चौदा वर्षं जिच्याबद्दल लिहिलं ती बाई त्यांनी पहिल्यांदा पाहिली. कल्पनेपेक्षा फारच लहान चण होती. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. गोंदणाचं कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायचं कलावतीबाईंच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. पायात त्यांनी पाठवलेले मोजे होते, मे महिन्यात.

"दाई के पेटी मा नवाच रखाय रहिस," समारू म्हणाला. पेटीत जपून ठेवले होते, शेजारणींनी काढून घातले. मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. परसातली मूठभर माती आणायची ठरली होती. नवऱ्याच्या शेजारची. गमछाही तयार ठेवला होता. निघायच्या गडबडीत राहिली. "अब काला डारबो दीदी?" आता काय टाकायचं?

परत जाऊन आणणं शक्य नव्हतं. कलावतीबाई "पाच मिनिटं थांबा" म्हणून घराच्या गल्लीत शिरल्या. वयाच्या साठीत, गुडघे दुखत असताना, त्या धावल्या. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा डबा घेऊन आल्या. गेल्या हिवाळ्यातल्या रखिया बड्यांपैकी नऊ-दहा उरल्या होत्या. सुकवारोबाईंच्या परसातलं अख्ख्या रायपुरात तेवढंच होतं.

कब्रस्तानात भिंतीच्या कडेला जागा मिळाली होती. एका बाजूला कुणी जुना रेल्वे गार्ड, दुसऱ्या बाजूला नाव पुसट झालेलं कुणीतरी. सोबतीला माणसं सातच. समारूने प्रार्थना म्हटली, एका कुबडीवर तोल सांभाळत. मग मातीच्या आधी कलावतीबाईंनी डबा उघडला आणि बड्या एकेक करून खाली सोडल्या. शहरातल्या चर्चचा एक माणूस भुवया उंचावून पाहत होता. समारूने त्याला हाताने थांबवलं. बड्या फार हलक्या असतात, पडताना त्यांचा आवाज झाला नाही.

रिकामा डबा घेऊन घरी येताना प्रशिक गाडी सावकाश चालवत होता. मध्येच मराठीत म्हणाला, "तू रडू नको ना आई." लहानपणानंतर त्याचं मराठी त्यांनी तेव्हाच ऐकलं, आणि त्या जास्तच रडल्या.

रूथबाईंचं उत्तर आलेलं होतं. मोठं होतं, मायेने लिहिलेलं. चर्चमधली सगळी माणसं गुडघ्यांवर बसली होती. वडील आता ब्याण्णव वर्षांचे, नाव-गाव विसरतात, पण सुकवारो म्हटल्यावर त्यांनी बोटांनी पाच दाखवले. पाच चीले. आम्ही काय पाठवू? दगड पाठवू का, नाव कोरलेला? आणि शेवटी एक ओळ होती. हे सगळं कधीपासून चाललं होतं? आम्हाला आधी कळलं असतं तर!

तर काय, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. कलावतीबाईंनी ते वाक्य स्वतःच पुरं करायचा प्रयत्न केला. फेब्रुवारीत कळलं असतं तर सुकवारोबाईंच्या अंगठ्याने अर्ज झाला असता, वकील सुट्टीच्या दिवशी शोधावा लागला नसता, एखाद्या साहेबाची सही झाली असती. किंवा काहीच झालं नसतं आणि गाव आणखी बिथरलं असतं. दोन्ही तितकंच खरं वाटत होतं. यातलं काय झालं असतं हे आता देवाला आणि तहसीलदारालाही सांगता आलं नसतं. त्यांना एवढंच समजत होतं की निवड त्यांची होती, आणि छप्पर सुंदर झालं होतं.

जूनची चार तारीख उजाडली. कार्डं आता ईमेलने जात नव्हती. दोन वर्षांपूर्वी रूथबाईंच्या भाच्याने संगणकावर एक फॉर्म बनवून दिला होता. गावाचं नाव निवडा, पहिल्या रकान्यात आभार, दुसऱ्यात विनंती. पाच तारखेला तो बंद व्हायचा. एकोणचाळीस गावं भरून झाली. कलावतीबाईंनी आमाझरिया शेवटी ठेवलं होतं. समारूला फोन लावला.

"धन्यवाद लिख दे दीदी, छप्पर बर," तो म्हणाला. पावसाच्या आधी छप्पर झालं, सगळे आनंदात आहेत. पाय सुधारतो आहे. पोरगी पास झाली.

"आणि विनंती?"

"बिनती?" पलीकडे कोंबडं आरवलं. "ए दारी कुछु नइ हे दीदी."

"काही तरी असंलच ना, भैया."

"का माँगबो," तो म्हणाला, काय मागायचं आता. त्यात राग नव्हता. "अइसने छोड़ दे."

कलावतीबाईंनी आभार टाइप केले. विनंतीचा रकाना तसाच सोडला आणि बटण दाबलं. फॉर्म पुढे सरकला नाही. रकान्याभोवती लाल रेघ आली आणि खाली अक्षरं उमटली, हा रकाना भरणं आवश्यक आहे. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. एक रेघ टाइप केली, ती त्याला चालेना. खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी भाव करत होतं. पंखा हळू फिरत होता.

मग त्यांनी खणातून निळी वही काढली. फेब्रुवारीचं पान काढलं. आमाझरियाच्या दोन ओळी होत्या, पहिलीपुढे खूण. दुसरी त्यांनी आहे तशी इंग्रजीत उतरवली, कानस न फिरवता. गावात आम्हाला मूठमाती नाकारली आहे. सुकवारोबाईंना त्यांच्या स्वतःच्या परसात, त्यांच्या नवऱ्याच्या शेजारी माती मिळावी. शब्द मोजले. पंचवीसच्या आत बसले. फेब्रुवारीतही बसले असते.

बटण दाबल्यावर लाल रेघ गेली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत तेच आलं जे एकोणचाळीस वेळा आलं होतं: धन्यवाद. तुमची विनंती वेळेत पोहोचली आहे.

ते पडद्यावरून जाईपर्यंत कलावतीबाई पाहत राहिल्या. मग त्यांनी पेन उचलला आणि वहीतल्या दुसऱ्या ओळीपुढे बरोबरची खूण केली, कारण पाठवलेल्या ओळीपुढे खूण करायची त्यांची पद्धत होती.